दिवसाचे चोवीसशे

डिस्चार्जची ऑर्डर सकाळी 10:40 ला पडली आणि मुलगा पैसे भरून निघाला रात्री सव्वाआठला. हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर, जिथे मी काम करते, हे रोजचंच. ही केस मात्र डोक्यातून जात नाही, कारण यात आजार अवघड नव्हता, पॉलिसी चालू होती, कुणी काही लपवलंही नव्हतं. तरी हिशोब फसला.

71 वर्षांचे आजोबा बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं. बॉल बदलला, सहा दिवसांचा मुक्काम. पॉलिसी चार लाखांची, रूम रेंटची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 4,000. रात्री अकराला आले तेव्हा शेअरिंग रूम फुल्ल. काउंटरनं 6,400 ची सिंगल दिली. मुलानं तिथेच फोनवर गुणाकार केला: चोवीसशे जादा, सहा दिवसांचे 14,400, आपण भरू. घरातला कुणीही शहाणा माणूस हाच हिशोब करेल.

पण रूम बदलली की फक्त रूमचं भाडं बदलत नाही. आमच्या रेटबुकात प्रत्येक ऑपरेशनसमोर जनरल, शेअरिंग, सिंगल, डिलक्स असे चार रकाने आहेत. याच ऑपरेशनची सर्जन फी शेअरिंगला 42,000, सिंगलला 56,000. सर्जन तोच, टेबल तेच, भूल देणारे डॉक्टर तेच. चौदा हजार कशाचे, हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. त्यावर विमा कंपनीची प्रपोर्शनेट कपात बसते: मर्यादा भागिले घेतलेली रूम. 4,000 ÷ 6,400 म्हणजे 62.5 टक्के. रूमच्या वर्गाबरोबर वाढणाऱ्या प्रत्येक खर्चाचे तेवढेच टक्के मिळतात, उरलेले 37.5 पेशंटच्या खिशातून.

बिल झालं 2,84,320 रुपयांचं. रूम 38,400, भाडं दिवसाला 5,000 च्या वर गेल्यामुळे 5 टक्के जीएसटी 1,920 (आयसीयू सोडून बाकी खोल्यांवर हा कर जुलै 2022 पासून आहे). सर्जन, भूल, ओटी (ऑपरेशन थिएटर), व्हिजिट मिळून 1,16,000. इम्प्लांट, म्हणजे बसवलेला बॉल, 68,000. औषधं आणि कन्झ्युमेबल्स (एकदा वापरून टाकायच्या वस्तू) 46,000, तपासण्या 14,000. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारनं ऑगस्ट 2017 मध्ये कमाल मर्यादा घातली. खुब्याच्या बॉलला तशी मर्यादा नाही, हेही जाता जाता.

ऑर्डरनंतर फार्मसीचं रिटर्न (न वापरलेली औषधं परत घेणं) क्लिअर व्हायलाच दोन तास गेले. बिल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे, गेलं 1:15 ला. फायनल मंजुरी तीन तासांत द्यायची, असं विमा नियामकाच्या मे 2024 च्या परिपत्रकात आहे, पण ते घड्याळ आमची रिक्वेस्ट पोचल्यावर सुरू होतं. त्याआधीचे अडीच तास कुणाच्याच खात्यावर नाहीत. मंजुरी आली 4:05 ला, 1,72,950 ची. दहा मिनिटं राखून, नियमात.

आकडा पाहिल्या पाहिल्या खटकला. कॅल्क्युलेटर घेतला. 2,84,320 मधून न मिळणाऱ्या वस्तूंचे 7,600 वजा (डायपर, ग्लव्हज, वॉकर वगैरे), उरले 2,76,720, आणि त्या सगळ्यालाच 62.5 टक्के लावले होते. हे चूक. 2020 साली पॉलिसीतली कलमं एकसारखी केली गेली तेव्हा औषधं व कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीतून वगळल्या गेल्या. आयसीयूच्या खर्चालाही ती लागत नाही. आणि ज्या हॉस्पिटलात रूमच्या वर्गाप्रमाणे दर बदलतच नाहीत, तिथे ही कपात करताच येत नाही. हे सगळं पॉलिसीच्या छापील व्याख्यांमध्ये असतं. ते पान कुणी उघडत नाही. पेशंट तर नाहीच, पण क्लेम तपासणारी मुलंसुद्धा सिस्टीमनं काढलेला आकडा पुढे ढकलतात.

बरोबर हिशोब असा: रूम करासकट 25,200, सर्जन-ओटी वगैरेचे 72,500, बाकी इम्प्लांट, औषधं (ते 7,600 वजा करून), तपासण्या पूर्ण. एकूण 2,18,100. फरक 45,150 रुपयांचा.

कलम टाइप करून रिकन्सिडरेशन (फेरविचाराचा अर्ज) टाकलं, फोनवर दोनदा तेच वाचून दाखवलं. साडेसातला औषधं-तपासण्यांचे 19,650 परत आले. इम्प्लांटचे 25,500 नाही. तिथे चूक आमची निघाली. ओटीतून इम्प्लांट वेगळ्या हेडखाली टाकायचं सोडून ‘ऑपरेशन चार्जेस’मध्ये घातलं होतं, आणि ओटी नोट्सवर त्याचं स्टिकरही चिकटवलेलं नव्हतं. स्टिकरवर लॉट नंबर असतो. ते आणि पुरवठादाराचं इनव्हॉइस नसेल तर टीपीएच्या दृष्टीनं इम्प्लांट बसवलंच नाही. ओटी इन्चार्जना महिन्यातून दोनदा सांगते. स्टिकर सापडलं, पेशंटच्या एक्स-रेच्या पाकिटात.

पण तोवर आजोबा सकाळपासून कपडे घालून बसलेले. मुलगा म्हणाला, “ताई, आता जेवढे होतात तेवढे भरतो. वडिलांना घरी नेऊ दे.” 91,720 भरले. चौदा हजार म्हणून निघालेला माणूस.

दुसऱ्या दिवशी स्टिकर आणि इनव्हॉइस पाठवलं. सोळा दिवस झाले, उत्तर नाही. मुलाला सांगून ठेवलंय की कंपनीच्या तक्रार विभागाला स्वतः लेखी द्या, पोच ठेवा. महिन्यात काही आलं नाही तर ‘बीमा भरोसा’ या नियामकाच्या तक्रार पोर्टलवर टाका, नाहीतर सरळ पुण्याच्या विमा लोकपालांकडे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. तक्रारीला सोबत काय जोडायचं तेही लिहून दिलंय: मंजुरीची दोन्ही पत्रं, हेडवार बिल, व्याख्यांचं पान, स्टिकरची झेरॉक्स.

दर्शनी भागात दरपत्रक लावायचा नियम महाराष्ट्रात 2021 पासून आहे. आमच्याकडेही लावलंय, लिफ्टशेजारी. त्यावर शेअरिंगचा दर आहे, सिंगलचा आहे. सिंगल घेतली तर सर्जन किती घेणार, ते नाही. अॅडमिशन फॉर्मवर रूमच्या रकान्याखाली एवढी एकच ओळ वाढवा, मर्यादा आणि टक्क्यांसकट, म्हणून मी मॅनेजमेंटला मेल केलाय. उत्तर आलं, पुढच्या छपाईच्या वेळी बघू. जुने फॉर्म बरेच शिल्लक आहेत.

परवा दुसऱ्याच कामासाठी बेड रजिस्टर चाळत होते. आजोबा आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी 9:20 ला शेअरिंगमधली एक खाट रिकामी झाली होती, दर 3,800. आमच्याकडे ऑपरेशनच्या दिवशी पेशंट ज्या वर्गात असेल त्या वर्गाचा दर लागतो. आजोबांना ओटीत घेतलं त्याच दिवशी दुपारी एकला.