चिखल, वाळू आणि आठ हेक्टर

दक्षिण इंग्लंडमधल्या आमच्या वसाहतीच्या पश्चिमेला जे मोठे कुरण आहे ते आमच्यासाठी केलेले नाही, ही गोष्ट मला तिथे राहायला आल्यानंतर दुसऱ्या वर्षी समजली. ते केले आहे रातवा या पक्ष्यासाठी. गंमत अशी की रातवा तिथे कधी येत नाही आणि त्याने तिथे यावे अशी कोणाची अपेक्षाही नाही. तो राहतो काही मैलांवरच्या माळरानावर, आणि आम्ही त्या माळरानावर जाऊ नये म्हणून आमच्या दाराशी हे कुरण आखून दिलेले आहे. घरे बांधताना हिरवी जागा सोडण्यामागे असा उद्देश असू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्यानंतर मी त्या कुरणाकडे, आणि स्वतःच्या पायांकडेही, जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले.

दक्षिण इंग्लंडमधल्या सरे, हँपशर आणि बार्कशर या तीन परगण्यांत तुकड्यातुकड्यांनी पसरलेल्या माळरानांना मिळून ‘थेम्स बेसिन हीथ्स’ म्हणतात. २००५ मध्ये या माळरानांना पक्ष्यांसाठीचे विशेष संरक्षित क्षेत्र म्हणून दर्जा मिळाला. सगळे तुकडे मिळून क्षेत्रफळ आठ हजार हेक्टरांहून अधिक भरते. ‘हीथ’ हा शब्द ऐकून आपल्या मनात रानटी, माणसाचा हात न लागलेली भूमी उभी राहते, पण वस्तुस्थिती उलट आहे. वाळूच्या निकस जमिनीवरचे मूळ जंगल माणसानेच तोडले आणि पुढे शतकानुशतके गुरे चारून, सरपण गोळा करून आणि जळणासाठी मातीसकट गवताचे थर कापून नेऊन ती जमीन उघडी ठेवली. हा वापर थांबला की दोनतीन दशकांत तिथे बर्च आणि पाइन उभे राहतात आणि माळरान संपते. १८०० सालापासून आजवर ब्रिटनमधले सखल प्रदेशातले ऐंशी टक्क्यांहून अधिक माळरान नाहीसे झाले. काही नांगराखाली गेले, काही लागवडीच्या जंगलाखाली आणि काही घरांखाली.

जे उरले त्यावर तीन पक्ष्यांची भिस्त आहे: रातवा, चंडोलाच्या कुळातला वुडलार्क आणि काटेरी गॉर्सच्या झुडपांत राहणारा इवलासा डार्टफर्ड वॉर्बलर. पहिले दोघे जमिनीवरच अंडी घालतात आणि तिसरा जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर घरटे करतो. आफ्रिकेतून मे महिन्यात येणारा रातवा दिवसभर वाळलेल्या पानांच्या रंगात मिसळून अंड्यांवर बसलेला असतो. मोकळा सोडलेला कुत्रा पायवाट सोडून हेदरच्या खुरट्या झुडपांत घुसला की पक्षी उडतो, अंडी उघडी पडतात आणि कावळ्याला तेवढीच संधी पुरते. कुत्र्याने काही खाल्लेले नसते, मालकाला काही दिसलेले नसते आणि दोघेही सुखाने घरी परततात. दिवसभरात अशी माणसे शेकड्यांनी येऊन गेली, तर कोणी एकाने चूक न करताही त्या वर्षीची वीण बुडते. त्यात उन्हाळ्यातल्या आगींची भर पडते. २०२० च्या ऑगस्टमध्ये यांतल्याच चोबम कॉमन या माळरानावर लागलेली आग या भागातल्या लोकांच्या अजून लक्षात आहे.

मग माणसांना तिथे येऊच देऊ नये, हा सोपा वाटणारा उपाय का नाही? कारण इंग्लंडमध्ये मोकळ्या माळावर चालण्याचा हक्क लोकांनी भांडून मिळवलेला आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशरमधल्या किंडर स्काउटच्या पठारावर शेकडो तरुण कामगार जमीनमालकांची बंदी मोडून चढले आणि त्यांतल्या काहींना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागातील प्रवेशाचा कायदा आला, आणि २००० च्या कायद्याने डोंगर, मूर म्हणजे उंचावरचे ओसाड माळ, हीथ आणि सामाईक जमिनींवर पायी फिरण्याचा अधिकार दिला. अशा जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा जास्तीत जास्त दोन मीटर लांबीच्या पट्ट्याला बांधलेला असावा, अशी अट त्यात आहे. ती किती पाळली जाते हे एप्रिलच्या कोणत्याही रविवारी जाऊन पाहावे.

बंदी घालता येत नाही आणि घरे तर बांधायची आहेत, या पेचातून जी तोड निघाली तिला इथले नियोजनवाले ‘सँग’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांतून तयार झालेल्या या नावाचा अर्थ ‘योग्य, पर्यायी, नैसर्गिक हिरवी जागा’ असा होतो. संरक्षित माळरानापासून ४०० मीटरांच्या आत नवीन घरांना सहसा परवानगी मिळत नाही, कारण तिथून माणूस सहज चालत जातो आणि मांजरही जाते, आणि मांजराला कोणतीही पर्यायी जागा दाखवून उपयोग नसतो. ४०० मीटर ते पाच किलोमीटर या पट्ट्यात बांधायचे असेल, तर येणाऱ्या दर हजार रहिवाशांमागे किमान आठ हेक्टर पर्यायी जागा द्यावी लागते, शिवाय माळरानावरच्या राखणदारांच्या आणि पाहणीच्या खर्चासाठी दर घरामागे रक्कम भरावी लागते. माणशी हिशेब केला तर ८० चौरस मीटर येतात. शंभर घरांत दर घरी सरासरी २.४ माणसे धरली, तर साधारण १.९ हेक्टर जागा सोडावी लागेल. हे सारे १९९० च्या नगर नियोजन कायद्याच्या कलम १०६ खालील करारात लिहून घेतात आणि लोक राहायला येण्याआधी जागा तयार असावी लागते. ही शेवटची अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते, कारण फिरायला जाण्याची वाट माणूस नव्या घरात पहिल्या काही आठवड्यांतच ठरवतो आणि मग वर्षानुवर्षे बदलत नाही.

जागा कशी असावी याचे नियम वाचताना मला एक गोष्ट उमगली: या साऱ्या आखणीतले खरे गिऱ्हाईक कुत्रा आहे. २.३ ते २.५ किलोमीटरची वर्तुळाकार वाट हवी, म्हणजे त्याच वाटेने परत यावे लागणार नाही. कुत्र्याला बहुतेक भागात मोकळे सोडता आले पाहिजे. झाडी असावी, पण वाटेच्या दोन्ही बाजूंनी इतकी दाट नसावी की एकट्याने चालणाऱ्याला भीती वाटेल. चार हेक्टरांहून मोठ्या जागेला गाड्या लावायची सोय हवी. सांडपाणी प्रकल्पाचा वास येऊ नये, असेही त्यात स्पष्ट लिहिलेले आहे, आणि ते लिहायची गरज कोणत्या प्रस्तावामुळे पडली असेल, याची कल्पना करत मी बराच वेळ हसत होते.

नियमांत नाही ती गोष्ट म्हणजे जमिनीचा पोत, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. बांधकाम करणारा पर्यायी जागेसाठी कोणती जमीन देतो? साहजिकच, जिथे घरे बांधता येत नाहीत ती. बहुधा ती नदीकाठची पूररेषेतली जमीन असते. आमचे कुरण तसेच आहे. जूनमध्ये ते देखणे दिसते, कमरेएवढ्या गवतातून कापलेल्या वाटा, खळाळता ओढा, प्लॅस्टिकच्या नळकांड्यांतून डोके वर काढणारी ओकची रोपे. नोव्हेंबरपासून मात्र तिथली चिकणमाती पाणी धरून ठेवते. जानेवारीत वाटेचा एक भाग पाण्याखाली जातो आणि फेब्रुवारीत बूट घोट्यापर्यंत रुतून बसतो. याउलट माळरान वाळूवर आहे, म्हणूनच तर ते माळरान आहे. कितीही पाऊस पडला तरी तासाभरात तिथली वाट कोरडी होते. म्हणजे जो निकस पोत त्या पक्ष्यांना लागतो, तोच ओल्या हिवाळ्यात माणसांनाही खुणावतो.

आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त गृहस्थांकडे एक उत्साही स्पॅनियल आहे. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी दोन महिने कुरणातून कुत्रा फिरवला, रोज त्याचे पाय आणि पोट धुतले आणि एके दिवशी त्याला गाडीत घालून माळरानावर नेले. पुन्हा ते कुरणाकडे वळले मे महिन्यात. मधल्या काळात मार्च येऊन गेला होता आणि वुडलार्कची घरटी मार्चपासूनच असतात. त्यांना मी दोष देत नाही. त्या वर्षी माझीही पावले अनेकदा तिकडेच वळली. आठ हेक्टरांचा हिशेब वर्षभराचा असतो, पण तो खरा ठरतो फक्त कोरड्या महिन्यांत.

वाट खडी घालून पक्की करावी म्हटले तर तिथेही अडचण आहे. जागा नैसर्गिक वाटली पाहिजे, शहरी बागेसारखी नको, म्हणून बहुतेक वाटा कच्च्याच ठेवाव्यात असे मार्गदर्शन आहे. त्यामागचे कारण मला पटते. डांबरी वाट आणि ओळीने बाक असलेल्या बागेत लोक मुलांना झोके द्यायला जातात, पण रानात फिरल्याचे समाधान तिथे मिळत नाही आणि मग ते रान शोधत माळावरच जातात. तरीही जिथे दरवर्षी पाणी साचते तेवढा पट्टा उचलून घ्यायला, किंवा तिथे लाकडी फळ्यांचा पूल टाकायला, काय हरकत असावी? सरेमधल्या वोकिंग गावाजवळ, हॉर्सेल कॉमन या माळरानालगत हेदर फार्म नावाची अशीच एक पर्यायी जागा आहे. तिथे पूर्वी अळिंब्या पिकवल्या जात. आता तिथे पाणथळ तयार केलेले आहे आणि पाणी हेच तिथले आकर्षण झाले आहे. ओल लपवता येत नसेल तर तिच्याभोवतीच जागा रचावी, ही दृष्टी मला नियमातल्या मापांपेक्षा जास्त कामाची वाटली.

दुसरा प्रश्न वर्तुळाचा आहे. वर्तुळाकार वाट कुत्र्याला पुरते, पण माणसाला कधी कधी कुठेतरी जायचे असते: पुढच्या गावाला, शाळेला, स्टेशनाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्वजनिक हक्काच्या पायवाटा आणि घोडवाटा मिळून सुमारे २,२५,००० किलोमीटर भरतात, आणि हे जाळे शेतांतून, कुंपणांच्या फाटकांतून गाव गावाला जोडत जाते. आमच्या वसाहतीतूनही अशी एक जुनी पायवाट जाते. पूर्वी ती दोन शेतांच्या बांधावरून जात असे. आता ती दोन घरांच्या कुंपणांमधल्या बोळातून निघते आणि मग रस्त्याकडेच्या पदपथात विरून जाते. नकाशावर ती अखंड आहे. कायद्याने कोणाचा हक्क गेलेला नाही. पण तिच्यावरून पलीकडच्या गावाला निघालेला माणूस वसाहतीच्या टोकाशी वेगवान रस्त्यावर येऊन थांबतो, कारण तिथे ओलांडण्याची सोय नाही, आणि मग दोन मैलांसाठी गाडी काढतो. हिरव्या जागेचे क्षेत्रफळ मोजणे सोपे असते. रस्त्यापलीकडच्या फाटकापर्यंत सुखरूप पोहोचता येते का, याचा रकाना मात्र कोणत्याच तक्त्यात नसतो. शिवाय मोठ्या पर्यायी जागांना गाडीतळ सक्तीचा, आणि गाडीने लोक येतात ही वस्तुस्थिती म्हणून तो बरोबरही, पण शाश्वत म्हणवणाऱ्या योजनेत वाहनतळाची अट आहे आणि रस्ता ओलांडण्याची नाही, हे विचित्र खरेच.

आता पैशांविषयी. पर्यायी जागा कायमस्वरूपी राखायची असते, आणि ‘कायम’ म्हणजे व्यवहारात सव्वाशे वर्षे धरतात. कंपनी घरे विकून पुढे जाते. गवत कापायचे कोणी? काही ठिकाणी जागा एकरकमी निधीसह स्थानिक परिषदेकडे जाते, आणि ती व्यवस्था मला बरी वाटते. वसाहतीतल्या बाकीच्या हिरवळी मात्र आता बहुतेक ठिकाणी खाजगी व्यवस्थापन कंपनीच्या हाती असतात आणि वर्गणी घरमालकांकडून वसूल होते. स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात दाखवून दिले की, ११ सर्वांत मोठ्या बांधकाम कंपन्यांनी २०२१–२२ मध्ये विकलेल्या घरांपैकी ८० टक्के घरांना अशी वर्गणी लागू होती आणि तिची सरासरी वर्षाला ३५० पौंड होती. आमच्याकडेही ती आहे. दोन वर्षे बिल वाढले आणि मेलेली रोपे तशीच उभी राहिली. पत्राला उत्तर येते, माणूस येत नाही. याउलट मिल्टन कीन्स या नव्या वसवलेल्या नगराने १९९२ मध्ये काढलेली तोड पाहावी. तिथल्या बागा आणि वनराया ‘पार्क्स ट्रस्ट’ या स्वतंत्र संस्थेच्या हवाली केल्या आणि सोबत व्यापारी मालमत्ताही दिल्या, म्हणजे दुकाने आणि कचेऱ्या यांच्या भाड्यातून गवत कापले जावे. झाडांना उत्पन्नाचे साधन लावून देण्याची ही कल्पना इतकी साधी आहे की ती प्रत्येक नव्या नगरात का उचलली गेली नाही, हे कोडे मला सुटत नाही.

येत्या काळात हा विषय आणखी तापेल. सध्याच्या सरकारने या संसदेच्या कार्यकाळात १५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. डिसेंबर २०२४ च्या नियोजन धोरणाने हरितपट्ट्यातल्या कमी प्रतीच्या जमिनींवर बांधकामाची वाट मोकळी केली, पण त्याबरोबर लोकांना पोहोचता येईल अशी हिरवी जागा देण्याचीही अट घातली. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रकल्पांना जैवविविधतेत किमान १० टक्के वाढ दाखवून ती ३० वर्षे टिकवावी लागते. एकाच कुरणाकडून आता किती कामे घेतली जातात ते पाहा: त्याने पुराचे पाणी धरावे, फुले आणि कीटक वाढवावेत, कुत्र्यांना पळू द्यावे आणि दूरच्या माळावरच्या पक्ष्याला निवांत ठेवावे. फुलांच्या कुरणात मोकळा कुत्रा धावत असेल, तर यांतली किमान दोन कामे एकमेकांच्या आड येतात.

गेल्या सप्टेंबरात परिषदेच्या बैठकीत आम्ही चौघांनी एकच मागणी केली: नवे बाक नकोत, माहितीफलक नकोत, ओढ्यालगतचा साधारण १५० मीटरांचा पट्टा तेवढा उचलून द्या. ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे मुरूम पडला, वर खडीचा थर आला आणि दोन ठिकाणी पाणी जायला खालून नळ घातले गेले. काम फार देखणे नाही. स्पॅनियलवाले शेजारी त्यावरून दोनदा चालून आले आणि म्हणाले, नोव्हेंबर तर कोणालाही जमतो, फेब्रुवारीत बोलू.