गाडीतल्या रेडिओला महिन्याचे पैसे?

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा मी नव्या गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो टाकला. गाडीचं कौतुक राहिलं बाजूला. एकाच्या नजरेला स्क्रीनवरचं 'सिरियसएक्सएम' पडलं, तो महिन्याची वर्गणी भरून ऐकायचा उपग्रहावरचा रेडिओ असतो हे त्यानं शोधून काढलं आणि मग सगळेच सुरू झाले. "रेडिओला पैसे भरायलास? महिन्याच्या महिन्याला? तिकडं जाऊन येडा झालास का बे?" साखर पेठेतल्या माणसाला ग्रुपवर उत्तर देता येत नाही, मध्येच कुणाच्या तरी गुड मॉर्निंगची फुलं येऊन पडतात. म्हणून इथं सविस्तर.

मी राहतो लबकला, पश्चिम टेक्सासमध्ये. सोलापूरकराला या गावात एकाच गोष्टीची ओळख पटते, ती म्हणजे कापूस. आपल्याकडं सूत, चादर, टॉवेल बघत मोठा झालो, पण मैलोन्‌मैल पसरलेली बोंडं इथंच पाहिली. इथून डेन्व्हरला निघालं की अमारिलो, मग डॅलहार्ट, मग न्यू मेक्सिकोतलं क्लेटन आणि रॅटन. पुण्याला जाताना मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असं काही ना काही येत राहतं, चहा मिळतो, टॉवर दिसतो. इथं दोन गावांच्या मध्ये नुसतं गवत, कुंपण आणि गाई. एफएम स्टेशन शहर सोडलं की थोड्याच वेळात खरखरायला लागतं. फोनची रेंज येते-जाते, आणि गाणं ऐन अंतऱ्यात अडकून गोल चक्र फिरत बसतं. त्या रस्त्यावर ज्याचा आवाज तुटत नाही तो हा सॅटेलाइट रेडिओ.

यंत्रणा सरळ आहे. स्टुडिओतून कार्यक्रम वर उपग्रहाकडे जातो, उपग्रह तो अख्ख्या खंडावर पसरतो आणि गाडीच्या टपावरचा माशाच्या कल्ल्यासारखा छोटा अँटेना तो झेलतो. इंटरनेट लागत नाही. एक्सएम नावाच्या कंपनीनं सप्टेंबर 2001 मध्ये सेवा सुरू केली तेव्हा तिच्या दोन उपग्रहांची नावं होती 'रॉक' आणि 'रोल'. दुसरी कंपनी सिरियस, तिची सेवा 2002 ची. तिचे पहिले तीन उपग्रह विषुववृत्तावर एका जागी थांबणारे नव्हते, आठच्या आकड्यासारखी वाट चालत ते आळीपाळीनं अमेरिकेच्या माथ्यावर येत. उपग्रह जितका डोक्यावर, तितका इमारतींचा आणि डोंगरांचा आडोसा कमी. शिवाय एकच कार्यक्रम दोन उपग्रहांवरून काही सेकंदांच्या फरकानं पाठवायचा आणि गाडीतल्या रिसीव्हरनं तो साठवून जुळवायचा, ही युक्ती आहे. पुलाखालून जाताना एक धागा तुटला तरी दुसरा हातात असतो. मोठ्या शहरांत उंच इमारतींमुळे तेवढ्यानं भागत नाही, तिथं जमिनीवर पूरक प्रक्षेपक उभे केलेत. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याकडच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

कारण ही चीज सोलापूरला नवी नाही. ग्रुपवर हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या ओळखीत कुणाकडं तरी वर्ल्डस्पेसचा सेट होता. आमच्या मामाकडं होता. नोआ समारा या इथिओपियात जन्मलेल्या माणसानं 1990 मध्ये ही कंपनी काढली, आफ्रिका आणि आशियातल्या लोकांपर्यंत आकाशातून रेडिओ पोचवायचा म्हणून. आफ्रिकेसाठीचा 'ॲफ्रिस्टार' 1998 मध्ये गेला, आपल्यासाठीचा 'एशियास्टार' मार्च 2000 मध्ये. ए. आर. रहमान तिचा भारतातला चेहरा होता. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचं 'गांधर्व', कर्नाटक संगीताचं 'श्रुती', जुन्या हिंदी गाण्यांचं 'फरिश्ता', आणि मध्ये एकही जाहिरात नाही. मामाच्या घराला लागूनच यंत्रमाग. दिवसभर खटखट, रेडिओचा उपयोग शून्य. रात्री माग थांबले की तो आग्नेयेच्या खिडकीत तळहाताएवढा चपटा अँटेना ठेवायचा, उपग्रह त्या बाजूला होता. मामी पडदा सारायला गेली आणि अँटेना हलला की घरात तणाव. पण एकदा दरबारी लागला की मामाला जेवायला हाक मारायची कुणाची हिंमत नव्हती.

वर्ल्डस्पेसचे पैसे भरणारे बहुतेक वर्गणीदार भारतातलेच होते. तरीही कंपनीनं ऑक्टोबर 2008 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 31 डिसेंबर 2009 ला भारतातली सेवा बंद पडली. "लोकं हसायलेत म्हणून बंद पडली," असं मामा अजून म्हणतो. त्याचं कारण वेगळं असावं असं मला वाटतं. तो रेडिओ खिडकीला बांधलेला होता. शहरांत गाडीमध्ये चालण्यासाठी जमिनीवरचे ते पूरक प्रक्षेपक लागतात, आणि तशी सेवा आपल्याकडं कधी उभीच राहिली नाही. घरात बसलेल्या माणसाकडं टीव्ही असतो, टेप असतो, नंतर सीडी आली. त्याला रेडिओची गरज नसते, आवड असते. आवडीच्या लोकांवर असा पसारा चालवायचा तर गावोगावी शेकडो मामा हवेत.

अमेरिकेतल्या दोन कंपन्याही तशा मरणाच्या दारातून परत आल्या आहेत. हॉवर्ड स्टर्न नावाच्या अतिशय वाह्यात आणि अतिशय लोकप्रिय निवेदकाला सिरियसनं पाच वर्षांसाठी 50 कोटी डॉलरचा करार देऊन आणलं, तो जानेवारी 2006 मध्ये आला. पुढच्याच वर्षी आयफोन. जुलै 2008 मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र होऊन सिरियसएक्सएम झाली तरी कर्ज झेपेना. फेब्रुवारी 2009 मध्ये दिवाळं अगदी उंबऱ्यावर असताना लिबर्टी मीडियानं 53 कोटी डॉलरचं कर्ज देऊन वाचवलं. म्हणजे वर्ल्डस्पेस बुडाली त्याच काळात इथलीही बुडायचीच होती. तिला तारलं गाडीनं. इथं कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक गाड्यांत रिसीव्हर बसवलेलाच असतो, सुरुवातीचे काही महिने फुकट, आणि मग कार्ड मागतात. आज सुमारे 3 कोटी 30 लाख वर्गणीदार आहेत.

पैशांचं म्हणाल तर छापील दर देणारा माणूस इथं भोळा समजला जातो. मुदत संपत आली की फोन करायचा, "बंद करा" म्हणायचं, आणि पलीकडून दर उतरू लागतो. नवी पेठेत चादर घेताना दुकानातून दोन पावलं बाहेर पडल्यासारखंच. मात्र बंद करणं हीच कसरत आहे म्हणून न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनं डिसेंबर 2023 मध्ये कंपनीवर खटला भरला, आणि 2024 मध्ये न्यायालयानं काही बाबतींत कंपनीच्या विरोधात निकालही दिला. हेही सांगायला हवं, नाहीतर मी जाहिरात करतोय असं वाटेल.

आता मूळ प्रश्न. फोनमध्ये सगळं असताना हे कशाला?

गाडी चालवताना मला निवडायचं नसतं, हे माझं उत्तर. डोळे रस्त्यावर, हात चाकावर. फोनवर दहा कोटी गाणी आहेत, पण पुढचं कुठलं हे मलाच ठरवावं लागतं, किंवा ते यंत्र ठरवतं आणि मी कालच ऐकलेलं पुन्हा वाढतं. रेडिओवर कुणीतरी माणूस बसलेला असतो. सत्तरच्या दशकाचं वेगळं चॅनल, ऐंशीचं वेगळं, ट्रकवाल्यांसाठी तर 'रोड डॉग ट्रकिंग' नावाचं स्वतंत्र चॅनल, ज्यावर रस्ते, मालक आणि डिझेलवर मनसोक्त भांडणं चालतात. मी ट्रक चालवत नाही, तरी ऐकतो. मागे एकदा गावी आलो असताना कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत गेलो होतो. दारात बायका विड्या वळत बसलेल्या, मांडीवर सूप, बोटं पानावर, आणि बाजूला मोबाईलवर तेलुगू गाणी लावून ठेवलेली. स्क्रीनकडं कुणाचंही लक्ष नव्हतं. डेटा संपला की गाणं बंद, इतकाच काय तो फरक. हात आणि डोळे कामात अडकलेत आणि कान मोकळा आहे, अशी जागा जिथं आहे तिथं रेडिओला गिऱ्हाईक आहे. तो आवाज कुठल्या वाटेनं येतो हे त्या बाईला काय किंवा मला काय, सारखंच. वाटेचे पैसे कोण देतो एवढाच प्रश्न उरतो. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर आपल्याकडं तो जवळजवळ मिटला, इथं अजून मिटलेला नाही.

पण उपग्रहाची बाजू इथंही हळूहळू उतरतेय हे मान्य करायला हवं. वर्गणीदार काही वर्षांपूर्वी आणखी जास्त होते. तरुण पोरं गाडीत बसली की आधी फोन जोडतात. कंपनीलाही ते कळलंय, म्हणून तिनं 2019 मध्ये पँडोरा ही इंटरनेटवरची संगीत सेवा साडेतीन अब्ज डॉलरचा सौदा करून घेतली, आणि नव्या गाड्यांत उपग्रह आणि इंटरनेट दोन्ही एकाच रिसीव्हरमध्ये आणले. टेस्लाच्या बऱ्याच गाड्यांत तर उपग्रहाचा रिसीव्हर नाहीच, तिथं हाच रेडिओ ॲप म्हणून चालतो. त्यात भर म्हणजे जुलै 2025 पासून टी-मोबाईल या इथल्या फोन कंपनीनं स्टारलिंकच्या उपग्रहांवरून साध्या फोनला जोडणी द्यायला सुरुवात केलीय. सध्या मुख्यतः मेसेज आणि निवडक ॲप, पण डॅलहार्टच्या पुढचं ते रिकामं गवत, जे सॅटेलाइट रेडिओचं हक्काचं रान होतं, त्यात आता फोनही शिरतोय.

तरी एक हिशेब फोनला जमत नाही. इंटरनेटवरून दहा लाख लोक एकच क्रिकेट मॅच ऐकत असले तर दहा लाख वेगळ्या तारा ओढाव्या लागतात. प्रक्षेपणाला ऐकणारा एक असो की तीन कोटी, खर्च तोच. संकटात हे फार ठळक दिसतं. सप्टेंबर 2024 मध्ये हेलेन चक्रीवादळानं पश्चिम नॉर्थ कॅरोलिनात मोबाईलचे टॉवर बंद पाडले तेव्हा ॲशव्हिलचे लोक गाडीत बसून स्थानिक रेडिओ ऐकत होते, पाणी कुठं मिळतंय, कुठला रस्ता उघडाय. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा-मोहोळकडच्या नातेवाइकांना फोन लागेना आणि आम्ही इथं रात्रभर स्क्रीन खाली ओढत बसलो होतो, ते आठवलं की मला त्या ॲशव्हिलच्या गाड्या आठवतात.

आपल्या सरकारनं 2023 मध्ये मोबाईल बनवणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की फोनमधला एफएम रिसीव्हर बंद करू नका. कितींनी ऐकलं ते तुमच्या खिशातला फोन काढून बघा. प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर 'डायरेक्ट टू मोबाईल' नावाच्या प्रयोगावर काम करताहेत, जमिनीवरच्या टॉवरवरून थेट फोनवर प्रक्षेपण, इंटरनेटशिवाय. टेलिकॉम कंपन्यांना ते रुचलेलं नाही, आणि का नाही हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पैसे घेऊन डेटा विकणाऱ्यानं फुकट प्रक्षेपणासाठी चिप का बसवू द्यावी? सोलापूरसाठी मला सॅटेलाइट रेडिओपेक्षा हे जास्त कामाचं वाटतं. वर्ल्डस्पेसचा नवा अवतार आपल्याकडं येईल असं मला वाटत नाही, मामाला कितीही वाटलं तरी. त्याला मी आकाशवाणीचं 'न्यूज ऑन एअर' ॲप लावून दिलंय, त्यावर देशभरची केंद्रं मिळतात. तो ऐकतो आणि "आवाज त्या सेटसारखा नाय" म्हणतो.

अमेरिकेतला सॅटेलाइट रेडिओ मात्र एवढ्यात जात नाही. जून 2025 मध्ये कंपनीनं नवा उपग्रह वर सोडलाय, डिसेंबर 2024 मध्ये त्याच्या आधीचा. असे उपग्रह साधारण पंधरा वर्षं चालावेत म्हणून बांधतात, म्हणजे 2040 च्या आसपासपर्यंत वरून गाणी पडत राहणार. तोवर खाली रिसीव्हर बसवायचा की नाही हे गाड्या बनवणारे ठरवतील. आणि ग्रुपवरच्या त्या मित्राला सांगतो, दर वाढला तर मीही फोन करणार आहे, "बंद करा" म्हणायला.