गुहागर ते तवसाळ: सायकलवर पोर मागे बसवून जाणार असाल तर आधी हे वाचा

"सागरी रस्ता ना? एकदम सोपा. समुद्राकाठून सपाट जातो." आम्हाला हे ज्यांनी ज्यांनी सांगितलं, ते सगळे चारचाकीतून गेले होते असं नंतर चौकशीत निघालं. चारचाकीतल्या माणसाला चढ दिसत नाही. त्याला वळणं दिसतात, सुरूची झाडं दिसतात, फोटो काढायच्या जागा दिसतात. साडेचार वर्षांची, सतरा किलोची लेक मागच्या सीटवर घेऊन निघालेल्याला दुसरं काही दिसतच नाही.

आमचा मार्ग नेहमीचाच. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडवा, अलिबाग, रेवदंडा, मुरुड, आगरदांड्याहून बोटीने दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून बोटीने वेसवी, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळहून बोटीने धोपावे, गुहागर, तवसाळहून बोटीने जयगड, गणपतीपुळे आणि रत्नागिरी. माझ्या सायकलला चाइल्ड सीट, बहुतेक सामान बायकोच्या सायकलवर. रोज पन्नास किलोमीटर दोन-चार दिवस सलग चालवायची सवय आहे आणि पंक्चर स्वतः काढता येतं, असं धरूनच पुढचं लिहितोय. नसेल तर आधी ते करा, मग पोराला बसवा.

श्रीवर्धनपर्यंत लिहिण्यासारखं फार नाही. भरडखोल-शेखाडीचा रस्ता खरंच समुद्राला चिकटून जातो, छान आहे, आणि सगळी दिशाभूल तिथूनच होते. लोक तो तुकडा लक्षात ठेवतात आणि अख्ख्या किनाऱ्याला तेच वर्णन लावतात. दिघीहून निघताना बंदराकडे जाणारे अवजड ट्रक भेटतात तेवढे सांभाळा.

आता मुद्द्याचं. खरा किनारा म्हणजे खाड्यांनी जागोजागी तोडलेला जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट माथ्याचं कातळाचं पठार. गावं खाली ओढ्याच्या तोंडाशी, माडा-पोफळीच्या आगरात. रस्ता वर सड्यावर. गाव आलं की खाली उतरायचं, पूल ओलांडायचा, परत वर. सडा तसा उंच नाही, शंभर मीटरच्या आसपास. पण गुहागर ते तवसाळ या चाळीसेक किलोमीटरमध्ये हे इतक्या वेळा होतं, की नकाशाच्या ॲपमध्ये उंचीचा आलेख काढला तर करवतीचं पातं दिसतं. मोडकाआगर, पालशेत, मग वर, हेदवीला खाली, नरवणला पुन्हा वर, रोहिले आणि शेवटी तवसाळच्या जेटीकडे धडधडत उतार. वेळणेश्वर बघायचं असेल तर तोही एक जास्तीचा उतार, म्हणजे जास्तीचा चढ.

आकड्यांत सांगतो, म्हणजे कुणी "मनावर आहे हो सगळं" असं म्हणणार नाही. मी, सायकल, लेक आणि माझ्याकडचं थोडं सामान मिळून ११५ किलोच्या घरात. माझ्यासारखा माणूस लांब पल्ल्यावर १२० वॅटच्या आसपास ताकद लावतो. दहा टक्क्यांच्या चढावर एवढ्या वजनाला त्यातून ताशी चार किलोमीटरसुद्धा वेग मिळत नाही, आणि त्याखाली सायकल डुलायला लागते. पुढची सगळ्यात लहान चकती २६ दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी ३४ ची असूनही मी कितीतरी चढ ढकलत गेलो. ढकलताना पोर सीटवरच राहतं, कारण तेही पेंगुळलेलं असतं. तेव्हा किलोमीटर मोजून दिवस आखू नका, चढाचे मीटर मोजा. एकटे असताना जेवढे जमतात त्याच्या निम्मे धरा. निम्मे म्हणजे निम्मेच.

रस्त्यावरच्या माणसांना विचारून उपयोग नाही. एका आजींनी मोठ्या प्रेमाने सांगितलं, "आता येकच घाटी ऱ्हायली बाबा, मग निस्ता उतार." त्यानंतर पुढे भेटलेल्या प्रत्येकाने हेच सांगितलं. खोटं कुणी बोललं नाही, प्रत्येकाच्या वाडीपुरतं ते खरंच होतं.

सड्यावर सावली नाही. कातळ तापतो, गवत पिवळं, मैलभर एक झाड नाही आणि पाणी मागायला घर नाही. आपण चढताना घाम गाळत असतो म्हणून निदान वारा लागतो. मागचं पोर हलत नाही, ते सकाळी सहाला गारठतं आणि अकराला भाजतं. त्यामुळे सकाळी त्याला आपल्यापेक्षा एक थर जास्त, आणि दहानंतर सुती लांब बाह्या. माणशी तीन लिटर पाणी गुहागरहूनच भरून घ्या. साडेदहाला सड्यावर असाल तर उशीर झालाय असं समजा.

टेम्पोची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हेदवीच्या पुढे एका फाट्यावर लेक रडायला लागली, बायकोच्या गुडघ्याने असहकार पुकारला, म्हणून उभ्या असलेल्या छोट्या टेम्पोवाल्याला जेटीपर्यंत सोडायचं विचारलं. अंतर दहाएक किलोमीटर. त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा रडणाऱ्या पोरीकडे पाहिलं आणि म्हणाला, "दीड हजार." मी म्हटलं, "दादा, रिकामाच निघालायत ना त्याच बाजूला?" तर म्हणे, "मग थांबा की, येईल दुसरा कोणतरी." रडणारं पोर बघितल्यावर भाव चढतो हा धडा. मी रागाने ढकलत निघालो. दोनेक किलोमीटरवर बर्फाच्या रिकाम्या पेट्या घेऊन चाललेल्या एका पोराने चारशे रुपयांत दोन्ही सायकली आणि तिघं माणसं जेटीला पोचवली, आणि वर लेकीला शेंगदाणा चिक्की दिली. वासाचं विचारू नका. तुम्ही मात्र हे नशिबावर सोडू नका. आदल्या रात्री जिथे मुक्काम असेल त्या घरच्या काकांना सांगून गाडी ठरवून ठेवा आणि भाव तिथेच बोला.

माझं स्पष्ट मत: पोर सोबत असेल तर गुहागर-तवसाळ एका दिवसात करू नका. एक तर हेदवीला मुक्काम टाकून दोन दिवस करा, नाहीतर गुहागरहून सरळ गाडीत सायकली टाका आणि जयगडच्या बाजूने पुढे चालवा. चालवलं नाही म्हणून काही कमी होत नाही. हेदवीला राहिलात तर बामणघळीला (समुद्रकाठच्या खडकातली अरुंद कपार) भरतीच्या वेळी पोराचा हात सोडू नका. कपारीतून पाणी उसळतं ते पोरांना खेळ वाटतं, आणि तिथले खडक निसरडे आहेत.

फेरीबोटींचं दोन शब्दांत: चढायच्या आधी पोराला सीटवरून उतरवा. नेहमी. ओहोटीला उतरता धक्का शेवाळाने गुळगुळीत असतो, बोटीची फळी हलत असते, आणि गाड्यांचे ड्रायव्हर सायकलकडे बघत नाहीत. आधी एकाने पोराला हाताला धरून चालत न्यायचं, दुसऱ्याने सायकल. सगळ्यात शेवटी चढा आणि शेवटी उतरा. एका जेटीवर आमच्या सायकलींना मोटरसायकलचा दर लावला. फलकाकडे बोट दाखवल्यावर "सामान आहे ना वर" असं उत्तर आलं. छापील तिकीट मागा, फलकाचा फोटो काढा, आवाज न चढवता उभे राहा. मागे गाड्यांची रांग लागली की दर आपोआप बरोबर होतो.

सीटबद्दल चार गोष्टी, ज्या दुकानात कुणी सांगत नाही. सायकलच्या फ्रेमला लागणाऱ्या बहुतेक सीट २२ किलोपर्यंतच्याच असतात, आणि त्यात कपडे, हेल्मेट, बूट सगळं आलं. तुमच्या खोगीराखाली स्प्रिंगा असतील तर त्या झाका, मागून पोराची बोटं नेमकी तिथेच जातात. स्टँडवर लावलेल्या सायकलवर पोराला एक क्षणही बसलेलं सोडू नका. आणि सगळं वजन मागे असेल तर खड्या चढावर पुढचं चाक हलकं होतं, हँडल भरकटतं. पाणी आणि हत्यारं पुढच्या बाजूला खाली बांधा. लेक झोपली की मान पुढे पडायची. मागून सपाट असलेलं हेल्मेट घेतल्यावर ते बरंच कमी झालं, तरी झोप लागली की आम्ही थांबायचो, चटई टाकायचो.

उतार हा आराम नाही. तवसाळच्या उतारावर खडी, मध्येच गतिरोधक आणि खाली थेट जेटी. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, दाबा, सोडा, निम्म्यात थांबा. ब्रेकची डिस्क तापलेली असते, पोराचा हात आणि स्वतःची पोटरी लांब. ब्रेकपॅडची एक जोडी जादा ठेवाच. ट्यूबला प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व्ह असेल तर अडॅप्टरही, कारण गाड्यांच्या पंक्चरवाल्याकडचा पाइप त्याला बसत नाही.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. डाव्या हाताने जाताना तुम्ही डोंगराच्या बाजूला राहता, दरी रस्त्यापलीकडे, आणि थंडीत दुपारनंतर वायव्येकडून येणारा वारा पाठीवर मिळतो. सीझन डिसेंबर-जानेवारी. मार्चमध्ये सड्यावर पोर नेणाऱ्याला मी काही सांगणार नाही, तो ऐकणाऱ्यातला नाही.

जयगडला बोटीतून उतरल्यावर पुन्हा चढ आहे, पण एकदा वर आलं की मालगुंडपर्यंत जीवात जीव येतो. आरे-वारेला चढ आहेत, फोटोवाले आहेत, ठीक आहे. परतीला रेल्वे धरणार असाल तर रत्नागिरी स्टेशन गावापासून लांब आणि चढावर आहे, त्यामुळे गाडीच्या वेळेच्या तीन तास आधी निघा. सायकल ब्रेकव्हॅनमधून (रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून) जाते, पेडल काढून आणि हँडल फिरवून द्या, पावती जपा. पाच वर्षांच्या आतल्या पोराला तिकीट लागत नाही, पण वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. आम्ही ते भरलं. एवढ्या चढांनंतर लेक आडवी झोपली आणि आम्हीही.