घरी बनवलेला कोल्ड एअर इनटेक: सात आठवड्यांची नोंद

गाडी १.४ लिटरची, चार सिलिंडर, टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा). इंजिनात बाकी काहीही बदललेलं नाही, ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) मॅपही कंपनीचाच आहे. काम ठरवलं ते एवढंच: इंजिनाला बाहेरची थंड हवा मिळावी म्हणून गाडीच्या नाकापासून टर्बोच्या तोंडापर्यंत हवेचा सगळा रस्ता स्वतःच्या हातानं बांधायचा आणि प्रत्येक पायरीला मोजून बघायचं. आता ते पुरं झालंय. मधे एकदा साफ चुकलो, सगळं उतरवून पुन्हा केलं. तेही सविस्तर लिहितो, कारण हे काम हाती घेणाऱ्याला तोच भाग सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

पहिले दोन आठवडे फक्त मोजण्यात घालवले. इनटेक बदलायचा म्हटलं की आधी फिल्टरकडेच हात जातो, पण हवा नेमकी अडते कुठे हे मला आधी बघायचं होतं. त्यासाठी पारदर्शक नळी फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून बसवली, दोन्ही बाजू मीटरभर उंच, आत निळं रंगवलेलं पाणी, मागे मोजपट्टी. नळीचं एक टोक उघडं, दुसरं इनटेकच्या पाइपाला जोडलेलं. मधे एक झाकणबंद बाटली घातली, म्हणजे पाणी ओढलं गेलंच तर बाटलीत पडेल, टर्बोत जाणार नाही. ही बाटली कुणीही टाळू नका. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक जितका जास्त, तितका हवेला अडथळा जास्त. १ किलोपास्कल म्हणजे पाण्याची १०.२ सेंटिमीटर उंची, एवढं लक्षात असलं की पुरे.

रिकाम्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये मित्रानं पेडल पूर्ण दाबलं. मी शेजारी फळी मांडीवर धरून बसलो होतो. ५,५०० आरपीएमला फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपात पाण्याचा फरक ३४ सेंटिमीटर भरला. मग नळीचं टोक फिल्टरच्या अलीकडे, मळक्या बाजूला लावून तोच चढ पुन्हा चढलो. तिथे २१ सेंटिमीटर! म्हणजे ३४ पैकी फिल्टरच्या वाट्याला जेमतेम १३, तेही फिल्टरपुढच्या, हवा मोजणाऱ्या सेन्सरची नळी धरून. उरलेले २१ हवा फिल्टरपर्यंत पोचायच्या आधीच खर्ची पडत होते. ग्रिलच्या मागून बॉक्सकडे येणारी चपटी, दोनदा वळलेली प्लॅस्टिकची नळी आणि तिला जोडलेला आवाज दाबणारा डबा, हे खरे अडथळे. मी फिल्टर बदलून थांबलो असतो तर चुकीच्या जागी औषध लावलं असतं.

तापमानासाठी दोन प्रोब लावले. एक ग्रिलच्या पुढे, बाहेरच्या हवेत. दुसरा फिल्टरच्या लगेच पुढे. ओबीडीवर (ईसीयूतले आकडे दाखवणाऱ्या जोडणीवर) माझ्या गाडीत जे तापमान दिसतं ते मॅनिफोल्डमधलं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधलं), म्हणजे टर्बोनं तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरनंतरचं असतं. त्यावरून फिल्टरपाशी काय चाललंय ते कळत नाही, म्हणून वेगळा प्रोब लागतोच. कंपनीच्या बॉक्ससह गाडी वेगात असताना फिल्टरपाशी हवा बाहेरच्यापेक्षा ४ अंशांनी गरम होती. वीस मिनिटं रखडत चालवल्यावर हा फरक १७ अंशांवर गेला. मूळ बॉक्स मुळीच वाईट नव्हता, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं.

तरी तिसऱ्या आठवड्यात मी चूक केलीच. बॉक्स काढला आणि त्याच जागी उघडा कोन फिल्टर बसवला. आवाज सुंदर येत होता. टर्बोची शीळ केबिनमध्ये स्पष्ट ऐकू यायची आणि पेडल सोडलं की बायपास व्हॉल्व्हचा फुसकारा. पाण्याचा फरकही १६ सेंटिमीटरवर उतरला. दोन दिवस मी खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी बाहेर ३० अंश असताना रहदारीत अडकलो आणि फिल्टरपाशी ६५ अंश दिसले. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची आणि रेडिएटरमागची तापलेली हवा टर्बो थेट पीत होता.

ह्याचा परिणाम किती, ते घरी येऊन कागदावर मांडलं. माझ्या गाडीत वरच्या आरपीएमला बूस्ट (टर्बोनं वाढवलेला दाब) साधारण ०.८ बार, म्हणजे दाब १.८ पट. कॉम्प्रेसरची (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची) कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ३० अंशांनी आत गेलेली हवा १०९ अंशांनी बाहेर पडते. ६५ अंशांनी गेली तर १५३. इंटरकूलर बाहेरच्या हवेच्या मानानं ७० टक्के उष्णता काढतो असं धरू. मग मॅनिफोल्डमध्ये पहिली हवा ५४ अंशांनी पोचते आणि दुसरी ६७ नं. म्हणजे ३५ अंशांचा फरक इंटरकूलरनंतर १३ वर येतो. टर्बो गाडीत कोल्ड एअर इनटेकचा फायदा बिनटर्बो गाडीपेक्षा कमी का जाणवतो, त्याचं एक मोठं कारण हेच. पण १३ अंशही थोडे नाहीत. घनता केल्व्हिनमधल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, त्या हिशेबानं तेवढ्यात हवा ४ टक्के विरळ होते. शिवाय हवा गरम झाली की नॉकच्या (इंधन अवेळी पेटण्याच्या) भीतीनं ईसीयू इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे खेचतो, तो तोटा वेगळा. मोकळ्या फिल्टरनं दाबात जे मिळवलं होतं, ते रहदारीत तापमानानं व्याजासकट परत घेतलं.

तेव्हा ठरलं की बॉक्स हवाच, आणि तो बंद हवा.

आधी पुठ्ठा. बॅटरी आणि हेडलाइटच्या मधल्या जागेत पुठ्ठ्याचे तुकडे कापून, चिकटपट्टीनं जोडून तीन बॉक्स केले. तिसरा बसला. तो उलगडून १.५ मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर आखला, कापला, दोन लोखंडी पट्ट्यांच्या मधे आवळून वाकवला आणि कोपरे पॉप रिव्हेटनं जोडले. सांध्यांवरून आतून सीलंट. वरच्या कडेला रबराची किनार, तिच्यावर स्पंजची पट्टी, म्हणजे बॉनेट बंद झालं की तेच झाकण. पट्टी खरंच दाबली जाते का हे बघायला तिच्यावर खडू घासला आणि बॉनेट लावून उघडलं. एका कोपऱ्यात खडूचा डाग उमटला नव्हता, तिथे आणखी एक थर दिला. तळाला पाणी निघून जायला ६ मिलिमीटरचं भोक ठेवलं. फिल्टर मुद्दाम वरच बसवलाय. तो बंपरमध्ये खाली नेला तर हवा अजून थंड मिळते, पण साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिनानं पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतात. तो धोका मला नकोच.

सगळ्यात जास्त मजा आली ती नळीचं तोंड करताना. हवा नळीत शिरते तिथे कड धारदार असेल तर प्रवाह कडेपासून सुटतो, आत भोवरे होतात आणि खरी वाट बोळकांडीएवढी अरुंद होते. नुसत्याच पुढे आलेल्या पाइपाच्या टोकाशी गतिदाबाच्या (हवेच्या वेगामुळे येणाऱ्या दाबाच्या) साधारण ०.८ पट नुकसान होतं. तेच तोंड सनईच्या प्याल्यासारखं गोलाईनं उघडलं तर ते ०.०५ च्या आसपास येतं. म्हणून लाकडाचा साचा कोरला आणि ७५ मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम नळीचं टोक त्यावर ठोकायला घेतलं. तिसऱ्या फेरीला कड तडकली. कारण साधं आहे: अॅल्युमिनियम ठोकलं की कडक होतं. नवीन तुकडा घेतला, त्यावर अंगाच्या साबणाची वडी घासली आणि मागच्या बाजूनं टॉर्च फिरवत तापवला. साबणाची रेघ आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळी होते. काळी झाली की आच काढायची, पाण्यात बुडवायचं. अॅल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळे डोळ्यांना अंदाज येत नाही. साबण तो अंदाज देतो. एवढं केल्यावर पत्रा मेणासारखा वळला. लाकडी हातोडीनं, हलक्या हातानं, दर दहा-बारा ठोक्यांनी नळी थोडी फिरवत, चार वेळा नरम करून घेत तोंड तयार झालं. हे तोंड आता ग्रिलच्या मागे, रेडिएटरच्या वरच्या कडेपाशी आहे आणि तिथून आखूड लवचीक नळी बॉक्समध्ये जाते.

फिल्टरच्या पुढे मॅफ सेन्सर, म्हणजे आत जाणारी हवा मोजणारा. इथे मी काहीच हुशारी केली नाही. सेन्सर आतल्या एका ठिपक्याएवढ्या जागेतला प्रवाह बघतो आणि त्यावरून ईसीयू सगळ्या नळीचा हिशेब धरतो. नळीचा व्यास बदलला की तो हिशेब चुकतो आणि इंधन चुकीचं पडतं. त्यामुळे मूळ सेन्सरची नळी जाळीसकट जशीच्या तशी वापरली आणि तिच्या आधी १५ सेंटिमीटर सरळ भाग ठेवला. फिल्टरही कागदी आणि कोरडाच ठेवलाय. तेलाचे कापडी फिल्टर चालतात, पण तेल जास्त झालं तर सेन्सरच्या तारेवर बसतं.

सेन्सर ते टर्बो ही नळी आतून ६३ मिलिमीटरची. पूर्ण जोरात इंजिन सेकंदाला साधारण १०५ ते ११० ग्रॅम हवा घेतं, म्हणजे ह्या नळीत वेग सेकंदाला ३० मीटरच्या जवळपास. ५० मिलिमीटरची घेतली असती तर वेग ४८ वर गेला असता आणि घर्षण वेगाच्या वर्गानं वाढलं असतं. पीव्हीसीचा मोह झाला होता, पण ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि इथे शेजारी टर्बो आहे. नळीच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगची बारीक रेघ गोल फिरवून कानशीनं सारखी केली, म्हणजे सिलिकॉनची होज घसरत नाही. टर्बोकडची होज आतून तार असलेलीच घ्या. तिथे दाब नसतो, ओढ असते, आणि साधी होज ओढीनं चपटी होते. बॉक्स बॉडीला पक्का आणि टर्बो इंजिनाला पक्का. इंजिन माउंटवर हलतं, म्हणून मधे फुगवट्याची होज घातली आणि दोन पाइपांच्या टोकांत १५ मिलिमीटर अंतर सोडलं.

बसवण्याआधीची सफाई मी तीनदा केली. ह्या आकाराच्या टर्बोचं चाक मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरतं, तिथे भोक पाडताना उरलेला धातूचा एक कीसही पात्याची कड खाऊन टाकतो. साबण, गरम पाणी, बाटली घासायचा ब्रश, मग आतून पांढरं फडकं. फडकं पांढरंच बाहेर आलं तेव्हा पाइप गाडीकडे नेला.

आणि तरीही घोळ झालाच. क्रँककेसच्या ब्रीदरची नळी (इंजिनाच्या तळातली वाफ परत आत आणणारी) मूळ पाइपात सेन्सर आणि टर्बोच्या मधे येते, ती ठेवणं भागच आहे. मी पाइपाला भोक पाडून रबरी ग्रोमेटमध्ये निपल (नळी जोडायचं टोक) बसवलं होतं. गाडी छान चालत होती, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागला नव्हता. पण लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूनं ठरलेल्या इंधनात केलेली वाढ किंवा घट) उभ्या गाडीत +२ वरून तीन दिवसांत +११ टक्क्यांवर गेला. वेगात असताना मात्र +३. हा आकडा बोलका आहे: सेन्सरनंतर न मोजलेली हवा आत येतेय, आणि एकूण हवा कमी असते तेव्हाच तिचा वाटा मोठा दिसतो. इनटेकचं तोंड बंद करून आत धूर सोडला. ग्रोमेटच्या खालच्या बाजूनं, हात जात नाही तिथूनच, दोऱ्याएवढी धुराची रेघ निघाली. वक्र पाइपावर सपाट ग्रोमेट बसणार कसं? पाइप उतरवला, निपल वेल्ड करून घेतलं, सफाई पुन्हा पहिल्यापासून. आता ट्रिम ±३ च्या आत आहे. नवीन इनटेक बसवल्यावर पहिला आठवडा दिवा लागायची वाट न पाहता ट्रिम बघत राहा.

आताचे आकडे. तोच चढ, तोच गिअर, तेच ५,५०० आरपीएम: पाण्याचा फरक ३४ वरून १५ सेंटिमीटर. म्हणजे टर्बोच्या तोंडाशी जवळजवळ १.९ किलोपास्कल दाब परत मिळाला. वेगात फिल्टरपाशी हवा बाहेरच्यापेक्षा ३ अंशांनी गरम, म्हणजे आधीच्या ४ पेक्षा नावापुरता फरक. रखडत्या रहदारीत मात्र १७ च्या जागी ९. मॅफचा सर्वोच्च आकडा बाहेरचं तापमान सारखं असताना सेकंदाला १०४ ग्रॅमवरून १०८. बूस्ट तेवढाच आहे, कारण ईसीयू ठरलेलं बूस्ट धरून ठेवतो. तेवढं बूस्ट द्यायला टर्बोला आता थोडे कमी कष्ट पडतात. पूर्ण बूस्ट शंभरेक आरपीएम आधी येतं असं लॉगमध्ये दिसतं, पण मोजण्यातली चूकही तेवढी असू शकते, म्हणून त्याचा दावा करत नाही. चालवताना खरा फरक जाणवतो तो सिग्नलवर बराच वेळ थांबून निघाल्यावर. पूर्वी पहिला अर्धा मिनिट गाडी जड वाटायची, ते गेलं.

काल मुसळधार पावसात तासभर चालवून आल्याबरोबर बॉनेट उघडलं. तळाच्या भोकातून थेंब पडत होते, बॉक्सच्या तळाशी चमचाभर पाणी होतं, फिल्टरचा कागद कोरडा होता. तोंडाकडची लवचीक नळी मात्र मधेच थोडी झोल खाऊन बसली आहे आणि त्या खोलगट जागी पाणी थांबतं. पुढच्या रविवारी तिथे खालून आधार देणारा पट्टा लावणार आहे आणि नळी पुढच्या बाजूला उतरती करणार आहे.