हा दगड माणसानं फोडला, कशावरून?

मी हातानं दगडाची हत्यारं घडवतो हे वर्धा नदीकाठच्या आमच्या गावांत कळलं, तेव्हापासून लोक वावरात सापडलेले दगड पिशवीत घालून आणतात आणि विचारतात, "भाऊ, हे जुन्या माणसाचं काम हाय का जी, का असाच फुटला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. दगड बघायला मी दगड फोडूनच शिकलो.

आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेली गारगोटी नि अकीक नाल्यात सापडतात. त्यातला एकजीव तुकडा घ्यायचा. टिचकावल्यावर खणखणीत वाजला तर कामाचा. बद्द वाजला तर आत चीर आहे. मांडीवर जाड चामडं घेऊन कडेला गोट्याचा तिरपा घाव घालायचा. कडेचा कोन काटकोनापेक्षा कमी हवा, नाहीतर घाव जिरतो. नीट बसला तर खालून छिलका सुटतो. तो उलटा करून बघा: वर घावाची इवलीशी सपाट जागा, तिच्या लगेच खाली फुगीर उंचवटा, आणि तिथून शिंपल्यावरच्या रेघांसारख्या पसरत गेलेल्या लहरी. ज्या दगडातून छिलका निघाला, त्यावर तेवढाच खोलगट व्रण राहतो.

पण असा एखादा व्रण पुरात आपटूनही पडतो. म्हणून एका व्रणावर मी कधीच 'हो' म्हणत नाही. एकाच कडेला, एकाच दिशेनं, एकावर एक चढलेले व्रण दिसले की माझा जीव हरखतो, कारण प्रत्येक घाव आधीच्या घावाकडे बघून घातलेला असतो. नांगराच्या फाळाचा घाव लगेच कळतो. तिथं आतला रंग ताजा दिसतो, जुन्या व्रणांवर काळाची साय चढलेली असते. चंद्रपूरजवळच्या पापामियाँ टेकडीवर अश्मयुगीन हत्यारं सापडली आहेत, तेव्हा तुमच्या वावरात मिळणं काही अशक्य नाही.

बारीक धार काढायला हरणाचं शिंग उत्तम. पण 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे चितळाचं गळून पडलेलं शिंगही घरात ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मी लाकडी मुठीत तांब्याची जाड तार बसवून तिनं दाब देतो. हे सगळं उघड्यावर, चष्मा लावून. गारगोटीची धूळ फुफ्फुसात साठते, बंद खोलीत हे काम करूच नका.

माझे छिलके मी ताडपत्रीवर झेलतो आणि चालू सालच्या नाण्यासोबत परसात पुरतो. नाल्याकाठी टाकले तर पुढं कुणी खरं ठिकाण शोधत आला की फसेल. दगड कुठं, कशासोबत, किती खोल होता यावरच त्याचं वय नि काम ठरतं. पिशवीतून आलेल्या दगडाबद्दल मी अर्धंच सांगू शकतो. तेव्हा पुढच्या वेळी दगड जागेवरच राहू द्या. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा नि मला फोन करा. मी वावरात येतो.