पाय दुखले नाहीत ते साल

खत-बियाणं घ्यायला आलेला माणूस पिशवी उचलता उचलता विचारतो. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा विचारतो. परवा तर न्हाव्यानं वस्तरा गळ्याशी धरून विचारलं, म्हणजे खोटं बोलायची सोयच नाही. "अण्णा, तुम्ही देव सोडलाव म्हणं. मग दुखलं-खुपलं तर कुणाला हाक मारता?" आणि त्याच्याच शेपटाला दुसरा प्रश्न: "शुगर आटोक्यात आली ती देव सोडल्यानं का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. देव सोडल्यानं शुगर उतरत नाही. उतरत असती तर मी दुकानात युरियाच्या पोत्याशेजारी नास्तिकपणाच्या पुड्या मांडल्या असत्या.

लोकांना वाटतं, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माझा देव गेला. आमचं गाव किल्लारीच्या जवळचं. पण झालं ते उलटंच. त्या रात्री गणपती बुडवून आम्ही पाच-सहा जण घरी न जाता खळ्यावरच आडवे झालो होतो. चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. उठून बघतो तर गाव नव्हतं, धुरळा होता. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडी माळवद आणि माळवदावर पिढ्यान्‌पिढ्या टाकत आलेली माती, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं होतं. आईला आम्ही दुपारी काढलं, जिवंत. तिनं तोंडातली माती थुंकली आणि पहिलं बोलली ते नवसाचं. तुळजापूरच्या आईनं वाचवलं, माझं पोरगं दरसाल कोजागिरीला पायी येईल. बोलली माझ्या वतीनं, मला न विचारता. विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो. शेजारच्या घरातली तीन लेकरं गेली. त्यांना आईनं का नाही वाचवलं, हा साधा प्रश्न मला पुढची वीस-बावीस वर्षं पडला नाही. पडू दिला नाही म्हणा.

तर १९९४ पासून मी चाललो. पुढे औशाला दुकान टाकलं, तिथून तुळजापूर पन्नास-साठ किलोमीटर, रमतगमत दोन दिवस. पिठासारखं चांदणं, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी माणसंच माणसं, कुणाच्या गळ्यात कवड्यांची माळ, कुणाच्या हातात परडी, मधूनच कुणीतरी "आई राजा उदो उदो" म्हणायचं आणि पायांना पुन्हा जोर यायचा. ते सुख खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. दसऱ्यानंतर देवी निद्रेला जाते ती कोजागिरीला उठते. वर्षातून तीनदा तिची अशी निद्रा ठरलेली आहे. दमल्यावर झोपावं हे तिला कळतं, आम्हा भक्तांना मात्र डॉक्टरनं सांगावं लागतं.

शुगर निघाली २००९ ला, विम्याच्या तपासणीत. उपाशीपोटी २११. डॉक्टरनं गोळी लिहून दिली आणि मी त्या कोजागिरीला देवीपुढं उभा राहून बोललो, एवढी शुगर काढ, इथून पुढं अनवाणी येतो. सौदा पक्का झाला. शुगरचं ती बघणार, चालायचं मी बघणार. गोळी आठवली तर घ्यायची. वाटेत उजनीला बासुंदी असायचीच, देवीच्या वाटेवरचं बाधत नाही अशी माझी समजूत. नवरात्रात नऊ दिवस उपास: सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर, रात्री पुन्हा खिचडी नाहीतर उकडलेले बटाटे. गोळी बंद, कारण उपासाला गोळी चालते का हे विचारायचं कुणाला? पुजारी हसेल, डॉक्टर रागवेल. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, पोटात गेला की त्याची साखरच व्हायची, हे कळायला पुढं मला ग्लुकोमीटर घ्यावं लागलं. मुद्दाम मोजून बघितलं. खिचडीनंतर दोन तासांनी २८७. दीड भाकरी, मेथी आणि वरणानंतर १६८. भाकरीनं शुगर वाढतच नाही असं म्हणणाऱ्यांनीही हा आकडा बघावा. वाढते, पण बेतानं.

आता २०१५. त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. सोयाबीन शेंगा भरायच्या आत वाळलं, माझी उधारी गावोगाव अडकली. तरी चाललो. आणि त्या साली चमत्कार झाला. पाय दुखले नाहीत. वाटेत नवी खडी, दुपारचं तापलेलं डांबर, बरोबरची तरणी पोरं फोड धरून बसलेली, आणि मी पंचेचाळिशीचा माणूस सगळ्यांच्या पुढं. "अण्णा, आई तुमच्यावर लई खूश हाय बगा," असं सगळे म्हणाले. मलाही वाटलं. गोमुखाखाली पाय धुतले, दर्शन घेतलं, डोळे भरून आले. पाय दुखले नाहीत म्हणून मी त्या साली नेहमीपेक्षा भारी साडीनं ओटी भरली.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी बायको फरशी पुसत होती. "अहो, हे लाल काय? दारापासून पलंगापर्यंत ठिपके हायत." आम्हाला वाटलं कुंकू सांडलं. तुळजापूरहून आणलेली पुडी घरात होतीच. पण ठिपके माझ्या डाव्या पायामागून येत होते. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली बाभळीचा काटा मोडून आत बसला होता आणि भोवतीचं मांस काळं पडलं होतं. त्या काट्यावर उभा राहून मी चार दिवस दुकानात पोती मोजली होती.

लातूरला दवाखान्यात डॉक्टर बाई होती, माझ्या पुतणीच्या वयाची. म्हणाली, काका, डोळे मिटा, पायाला काही लागलं की हो म्हणा. मी डोळे मिटले. पंख्याची घरघर ऐकत बसलो. बाई अजून सुरू का करत नाही म्हणून डोळे किलकिले केले, तर तिच्या हातात नायलॉनचा एक तंतू, मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखा, आणि ती तो डबीत ठेवत होती.

"झालं?"

"झालं काका. दहा ठिकाणी टेकवला."

त्या तंतूचा दाब दहा ग्रॅमचा असतो. एवढाही कळत नसेल तर पायाची राखण उठली असं समजायचं. वर्षानुवर्षं चढलेली साखर नसा खाते, आणि खाते ती सगळ्यात लांबच्या नसा आधी, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. म्हणजे मी ज्याच्यासाठी ओटी भरून आलो होतो, ते हे.

बोट काढावं लागलं. एकच, नशीब माझं. (हा शब्द अजून तोंडात आहे, राहू द्या.)

बोट गेलं म्हणून मी देवीवर रुसलो असं समजू नका. रुसायला तरी मानावं लागतं. मला हलवलं ते भेटायला आलेल्यांनी. मावशी म्हणाली, नवसात काहीतरी उणं राहिलं. चुलता म्हणाला, वाटेत कुणाचा तरी विटाळ झाला असेल. पाय दुखले नाहीत ती आईची कृपा, आणि तोच पाय सडला तर माझी चूक. जमा सगळी तिच्या नावावर, नावे सगळं माझ्या. दुकानात एखाद्या कंपनीनं असा हिशेब मांडला असता तर मी दुसऱ्या दिवशी तिचा माल उचलायला लावला असता.

पडल्या पडल्या आजोबाही आठवले. ते विंचू उतरवायचे, चार गावांत नाव होतं. साध्या विंचवाची कळ काही तासांत आपली आपण उतरते. मंतरलेलं मीठ-पाणी शिंपडत आजोबा तेवढा वेळ काढायचे आणि यश त्यांना मिळायचं. लाल विंचू चावलेलं लेकरू मात्र घामानं थबथबून, हातपाय गार पडून, तोंडाला फेस येऊन जायचं, आणि मग त्याची वेळ भरली होती असं ठरायचं. आपल्याच मराठवाड्यातले, भोकरदन तालुक्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड भागात नोकरी करताना याच मरणाच्या मागं लागले आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी लाल विंचवाच्या विषावर कामी येते हे त्यांनी दाखवलं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तर साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र-गंडे करणं गुन्हाच ठरवलं. आजोबा वाईट नव्हते. एक पैसा घेत नव्हते. पण बरं झालेल्यांची नावं त्यांना तोंडपाठ होती आणि गेलेल्यांतलं एकही नाही. मीही माझ्या नवसांचं तेच करत आलो होतो.

देव असा हळूहळू गेला. सवय मात्र गेली नाही, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. स्वतःला कुणाच्या तरी ओटीत टाकून मोकळं व्हायची सवय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची दहा डब्यांची रेल्वे आली, तेव्हा मी घरी पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवून टीव्ही बघत होतो, आणि हातात होता कारल्याच्या रसाचा पेला. देवीच्या जागी आता कारलं होतं. मग जांभळाच्या बियांची पूड आली. मग कुणीतरी शुगर मुळातून काढणाऱ्या पुड्या आणून दिल्या, सहा हजारांच्या. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्ताची तपासणी (HbA1c) केली तर ९.८ टक्के. मग मी डॉक्टर बाईपुढं हात जोडले, आता तुम्हीच काय ते बघा. तिनं हात जोडलेले बघितले आणि विचारलं, "काका, तळपाय शेवटचा कधी बघितलात?"

"त्यात बघायचं काय?"

ती काही बोलली नाही, कागदावर लिहीत राहिली. आणि मला माझाच दुकानातला आवाज ऐकू आला. पान पिवळं पडलं म्हणून औषध मागायला आलेल्या शेतकऱ्याला मी रोज म्हणतो, आधी झाड उपटून मूळ बघितलंस का? माती तपासलीस का? न बघता डोस सांगायला मी काय देवरुशी आहे?

तेव्हापासून उधारीच्या वहीची मागची पानं माझ्या शुगरची. तारीख, काय खाल्लं, आकडा. ग्लुकोमीटरची पट्टी पंधरा-वीस रुपयांना पडते, म्हणून रोज नाही, पण शंका आली की मोजतो. रात्री पोटाला इन्सुलिन स्वतः टोचतो. चपलेत हात घालून खडा नाही ना बघितल्याशिवाय पाय घालत नाही. बासुंदी वर्षातून एकदा, दोन चमचे, आणि तीही लिहून. मागच्या वेळी सरासरी ६.९ आली. कुणाला पेढे वाटावेत ते सुचेना.

पण आता नव्या मंडळींचंही मला पटेना झालंय. यांचं म्हणणं, आजार म्हणजे तुमच्याच खाण्यापिण्याचं फळ. मागच्या जन्माचं पाप काढून या जन्माचं पाप लावलं, एवढाच फरक. माझे वडील आणि दोन चुलते याच दुखण्यानं गेले, ते रक्त मी निवडून घेतलं नव्हतं. आणि बीडकडच्या ऊसतोड बायकांचं काय? ऐन तिशीत गर्भाशय काढून घेतल्याचं २०१९ ला राज्यभर गाजलं. एक खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, पाळीत फडावर ना पाणी ना आडोसा. त्या बाईला जाऊन सांगा, तब्येत ज्याची त्यानं सांभाळावी. मला सांभाळता येते, कारण माझ्या घरात इन्सुलिन ठेवायला फ्रीज आहे आणि दुकानात सावली आहे. दुखणं माझ्यामुळं आलं की नाही यावर मी आता वेळ घालवत नाही. काटा काढायचा मलाच आहे, एवढं धरून चालतो.

घाबरता का, असंही विचारतात. घाबरतो. गेल्या साली डोळ्याच्या पडद्याची तपासणी होती. अंधाऱ्या खोलीत थेंब घालून बसवलं होतं, तेव्हा तोंडातून "आई गं" निघालंच. कुठली आई ते मी तपासलं नाही.

आईला सांगणं सगळ्यात जड गेलं. नवस तिचा होता. बोट गेलं त्याच्या पुढच्या कोजागिरीला ती दारात बसून होती. "यंदा जायना झालास?" नाही म्हणालो. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं. मग मला तरी ने." मी तिला गाडीनं नेलं. ती आणि बायको दर्शनाच्या रांगेत गेल्या, मी गाडीपाशी शेंगा खात थांबलो. पुढची दोन वर्षंही नेलं. तिसऱ्या वर्षी ती नव्हती.

तिच्या फणेरपेटीतला आरसा मी ठेवून घेतला. पारा जागोजागी उडालाय, पण तळपाय बघायला पुरतो. रात्री बायको देवघरात समई लावते तेव्हा मी पलंगाच्या कडेला बसून आरसा जमिनीवर ठेवतो आणि वरून पाय धरतो. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून टाचेकडचं नीट दिसत नाही. आरती झाली की ती येते, खाली बसून पाय मांडीवर घेते आणि उजेडाकडं वळवून बघते. मागच्या आठवड्यात ती एकदम थांबली. टाचेला लाल होतं. दोघंही काही बोललो नाही. तिनं पदराचं टोक ओलं करून पुसलं, पुन्हा बघितलं आणि मग स्वतःची बोटं बघितली. कुंकू होतं, देवघरातलं.