आयडल स्क्रूला हात लावण्याआधी

सिग्नलला ॲक्सिलरेटर सोडला की गाडी थरथरते आणि बंद पडते. जुन्या कार्बोरेटरवाल्या मारुती 800 चं हे नेहमीचं दुखणं. इलाज म्हणून बहुतेक जण आयडल स्क्रू (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन किती वेगात चालेल, म्हणजे आयडल, ते ठरवणारा) आवळून आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, चढवतात. गाडी बंद पडायची थांबते, पण पेट्रोल जास्त जातं आणि किल्ली काढल्यावरही इंजिन दोन-चार ठोके मारतं.

आयडलला थ्रॉटलची पाकळी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) जवळपास बंद असते, तेव्हा इंजिनला पेट्रोल पुरवतो तो स्लो जेट. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. पावसाळाभर गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं, मागे राहिलेला चिकट थर तिथेच बसतो. स्क्रू आवळला की पाकळी उघडते, शेजारच्या भोकांतून पेट्रोल येऊ लागतं आणि चोंदलेला जेट लपून जातो.

तपासणी सोपी आहे. कार्बोरेटरवर एक वायर जोडलेला छोटा सोलेनॉइड असतो, म्हणजे स्लो जेटचं पेट्रोल उघड-बंद करणारी विजेची झडप. इंजिन बंद ठेवून किल्ली ऑन करा, वायर काढा-लावा. टक् असा आवाज यायलाच हवा. मग गरम इंजिन आयडलला ठेवून तीच वायर काढा (टोक बॉडीला टेकू देऊ नका, फ्यूज उडेल). इंजिन लगेच बंद पडलं तर स्लो जेट ठीक. तसंच चालत राहिलं तर जेट काढून कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करा. तार कधीही घालू नका, भोक मोठं होतं आणि मग तो जेट कायमचा गेला.

जेट साफ असूनही थरथर असेल तर इंजिन कुठून तरी हवा खेचतंय. व्हॅक्यूमचे पाइप एकेक करून चिमटीत दाबा. ब्रेक बूस्टर (ब्रेक हलका करणारा डबा) असेल तर त्याचाही. जो पाइप दाबल्यावर रनिंग सुधारलं तो फाटलेला. कार्बोरेटरखालचं पॅकिंगही बघा. उघडलं की नवंच टाका, पुण्यात नाना पेठेत किट मिळतं. प्लग काळे-कोरडे म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरे म्हणजे हवा जास्त.

मिक्श्चर स्क्रू, म्हणजे आयडलला पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा, सगळ्यात शेवटी. आधी अलगद पूर्ण आत घेऊन किती फेरे होते ते लिहून ठेवा, मग दीड-दोन फेरे बाहेर. चोक पूर्ण उघडा, इंजिन गरम. आवाज सर्वात गुळगुळीत होईल तिथे थांबा आणि आयडल 850-900 आरपीएमवर आणा. आता हेडलाइट लावा. आरपीएम थोडे उतरून स्थिर राहिले पाहिजेत.